‘त्याला काय विचारायचं?’ : बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या समाधानाबद्दलचे गैरसमज

औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारला आठवडी बाजारासाठी आलेल्या एखाद्या आईला विचारा, ‘पोराचं कसं चाललंय?’ उत्तर बहुतेक असं येईल, ‘बरंय की. निराधारचा पगार सुरू झालाय, खातंय-पितंय.’ ते ‘पोर’ चाळिशीचं असतं आणि शेजारीच उभं असतं. त्याला मात्र कुणी विचारत नाही.

आंघोळ-जेवणाला मदत, औषधपाणी, दिवसभराचं काम, सोबत, पैशांचा व्यवहार आणि आई-वडिलांनंतरचा आसरा या सगळ्याला सामाजिक काळजी म्हणतात. ती नीट मिळते की नाही, हे ज्याला मिळते त्यानेच सांगायला हवं. आपले काही पक्के गैरसमज त्याच्या आड येतात.

गैरसमज : हा वेडाचाच प्रकार आहे, औषधाने नाहीतर लग्नाने सुधारेल.

वस्तुस्थिती : मानसिक आजार वेगळा आणि बौद्धिक दिव्यांगत्व वेगळं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आजाराच्या व्याख्येतून ते स्पष्टपणे वगळलं आहे. २०११ च्या जनगणनेतही दोन्हींची नोंद वेगळी झाली, आणि देशात बौद्धिक दिव्यांग सुमारे १५ लाख आढळले. विचार करणं, शिकणं आणि रोजचे व्यवहार सांभाळणं यांत लहानपणापासून येणारी ही मर्यादा आहे. ती लग्नाने जात नाही. योग्य शिकवण आणि आधार मिळाला तर माणूस बरंच काही करू लागतो.

गैरसमज : सर्टिफिकेटवर ७५ टक्के लिहिलंय, म्हणजे त्याला पंचवीस टक्केच कळतं.

वस्तुस्थिती : ही टक्केवारी समजेची नाही. कपडे घालणं, बोलणं, एकट्याने ये-जा करणं, लोकांत मिसळणं अशा कौशल्यांची चाचणी होते आणि त्या गुणांवरून टक्के ठरतात. सौम्य गटाला ५०, मध्यमला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १०० टक्के. ७५ टक्केवाल्याला कोणाच्या हातचं जेवण आवडतं, कोण खेकसतं, कुठे जायची भीती वाटते हे चांगलं कळतं. समाधान मोजायला नेमकं हेच लागतं.

गैरसमज : ‘खूश आहेस का?’ विचारलं, ‘हो’ म्हणाला. विषय संपला.

वस्तुस्थिती : खरी अडचण इथेच आहे. अमेरिकेतल्या कॅरोल सिगलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं, की बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना हो-नाहीचे प्रश्न विचारले तर अनेक जण प्रश्न कोणताही असला तरी ‘हो’ म्हणतात. काहींना प्रश्न अवघड जातो. पण ‘नाही’ म्हटल्यावर बोलणी खावी लागतात, हे जन्मभर शिकलेला माणूसही ‘हो’च म्हणतो. दोन पर्याय दिले तर काही जण शेवटी ऐकलेला निवडतात.

इंग्लंडमध्ये सरकारी काळजी-सेवा घेणाऱ्या प्रौढांची पाहणी होते. तिथे बौद्धिक दिव्यांग गटाचं समाधान इतरांपेक्षा सातत्याने जास्त दिसतं. पण त्यांना दिलेली सोपी, चित्रांची प्रश्नावली शब्दांनीही वेगळी असते, आणि अनेकांचा फॉर्म दुसऱ्याच्या मदतीने भरला जातो. म्हणून ते आकडे इतरांच्या आकड्यांशेजारी सरळ ठेवता येत नाहीत. शिवाय ज्याने आयुष्यात एकच जागा पाहिली, त्याचं ‘बरं आहे’ हे तुलना करून दिलेलं उत्तर नसतं.

मग विचारायचं कसं? प्रश्न छोटा आणि आजच्या दिवसाबद्दलचा हवा. ‘सकाळी कोणी आंघोळ घातली? पाणी कसं होतं?’ चित्रं किंवा फोटो समोर ठेवावेत. तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी उलटा करून विचारावा. काळजी घेणारी व्यक्ती त्या वेळी समोर नसावी. जो बोलत नाही, त्याचं वागणं वाचावं : कोणाला पाहून तो उठून येतो, कोणाला पाहून आत जातो, जेवण कधी टाकतो.

गैरसमज : आईला विचारलं की पुरे, तिला सगळं ठाऊक असतं.

वस्तुस्थिती : आईइतकी माहिती कुणालाच नसते, आणि तिचं ओझंही कुणी वाहत नाही. पण तिचा प्रश्न असतो ‘माझ्यामागे याचं कसं?’ आणि मुलाचा असू शकतो ‘मला भावासोबत मोंढ्यात का जाऊ देत नाहीत?’ दोन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणून दोन्ही उत्तरं वेगवेगळी लिहून घ्यायला हवीत.

गैरसमज : अशा माणसाचे सगळे निर्णय कायद्यानेच घरच्यांकडे असतात.

वस्तुस्थिती : वयाच्या १८ वर्षांनंतर आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आपल्या औंढा तालुक्यासाठी ती समिती हिंगोलीची. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणखी पुढे जातो : त्यातला मर्यादित पालक निर्णय घेतो तो त्या व्यक्तीला विचारून, तिच्या इच्छेनुसार.

न विचारण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुली आणि स्त्रियांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या वेळची स्वच्छता सांभाळणं अवघड जातं, हे कारण दिलं गेलं. स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सौम्य बौद्धिक दिव्यांग प्रौढ स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही.

गैरसमज : पगार सुरू झाला, म्हणजे काळजी झाली.

वस्तुस्थिती : पैसा लागतोच. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्याने घेतला. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. पण रिकामा दिवस, तुटलेली सोबत आणि थकलेली आई यांवर नुसत्या पैशाचा इलाज चालत नाही. आणि तो पैसा कशावर खर्च व्हावा, हे त्या माणसाला विचारलं जातं का?

गैरसमज : आई-बाप गेले, की कुठल्यातरी संस्थेत टाकण्यावाचून मार्ग नाही.

वस्तुस्थिती : डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच ‘अमेय पालक संघटना’ उभारून प्रौढ मुलांसाठी ‘घरकुल’ सुरू केलं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, अनाथ दिव्यांगांना अठरा पूर्ण झाले म्हणून आश्रमाबाहेर काढू नये, यासाठी वर्षानुवर्षं झगडत आले. घर कुठलंही असो, तिथे राहणाऱ्याची पसंती विचारली जाते का, यावरून त्याची पारख करावी.

जवळा बाजारात असं विचारायची सुरुवात करायला मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या त्या पाच टक्क्यांचा खर्च ठरवण्याआधी ग्रामसेवक, आशाताई आणि अंगणवाडीताईंनी गावातल्या प्रत्येक बौद्धिक दिव्यांग प्रौढाला घरी जाऊन भेटावं. दिवसभर काय करतोस, कोणाबरोबर राहायला आवडतं आणि काय नको वाटतं, एवढे तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तरं त्याच्याच शब्दांत ग्रामसभेत वाचावीत. त्यातलं एखादं उत्तर ‘नाही’ असेल, तर सगळ्यात आधी त्याची दखल घ्यावी.