क्लास ए, एबी की डी? अ‍ॅम्प्लिफायर निवडण्याआधी स्पीकरकडे बघा

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलेला. घरी गाणं खरंखुरं वाटावं, गायक समोर बसलाय असं वाटावं, तर अ‍ॅम्प्लिफायर कुठला घ्यायचा? क्लास ए, क्लास एबी, क्लास डी, की काचेच्या व्हॉल्व्हचा?

मी दिवसभर कोड लिहितो. प्रोग्रॅम हळू चालत असेल तर आम्ही आधी मोजतो की अडतंय कुठे, आणि मग बदल करतो. इथेही तसंच करू. क्लासचं भांडण नंतर, आधी हिशोब.

समजा तुम्ही ख्याल ऐकताय. बसल्या जागी आवाजाची सरासरी पातळी ७५ डेसिबल आहे. पण तबल्याची कडक थाप क्षणभर त्याच्या २० डेसिबल वर जाऊ शकते, म्हणजे ९५. आता स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा. शेल्फवर मावणारा साधारण स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८६ डेसिबल देतो. तुम्ही अडीच मीटरवर बसलात, तर अंतरामुळे थोडं कमी होणार, दोन स्पीकर आणि भिंतींमुळे थोडं भरून निघणार. ढोबळमानाने ८१ धरू.

आता गंमत बघा. ७५ डेसिबलला प्रत्येक स्पीकरला लागतो फक्त पाव वॅट! पण ९५ म्हणजे १ वॅटच्या १४ डेसिबल वर. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट होतात, १० डेसिबलला दहापट. म्हणजे साधारण २५ वॅट. त्या एका थापेसाठी शंभरपट ताकद तयार हवी. ती नसेल तर लहरीचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. थाप मग थाप राहत नाही, नुसता ‘टप’ होतो. जिवंतपणा बहुतेक वेळा इथेच मरतो.

आता क्लासकडे येऊ.

क्लास ए मध्ये ट्रान्झिस्टर सतत पूर्ण चालू असतो. गाणं वाजो न वाजो, वीज जळतच असते. दोन ट्रान्झिस्टरांनी लोड वाटून घेतलेल्या पुश-पुल रचनेतही कार्यक्षमता तात्त्विकदृष्ट्या ५० टक्क्यांपर्यंतच जाते. २०० वॅट खेचणारा सेट रोज ४ तास लावला तर महिन्याला २४ युनिट, वर मे महिन्यात खोलीत शेगडी! आवाज सुंदर असतो, पण वॅट महाग पडतात.

क्लास एबी ही मधली वाट. लहान आवाजाला दोन्ही ट्रान्झिस्टर चालू, मोठ्या आवाजाला अर्धी लहर एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे. हा सांधा नीट जमला नाही तर तिथे खरखरीत विकृती येते. पण हे तंत्र अनेक दशकं घासूनपुसून पक्कं झालंय, आणि दुरुस्त करणारा कारागीरही सहज मिळतो.

क्लास डी मधला ‘डी’ म्हणजे डिजिटल नव्हे. आधीची अक्षरं वापरून झाली होती, एवढंच. यात ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, मग फिल्टर त्यातून संगीत वेगळं काढतो. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास. जुन्या डिझाइन्समध्ये स्पीकर बदलला की वरच्या पट्टीतला आवाजही बदलायचा, कारण चूक दुरुस्त करणारा फीडबॅक फिल्टरच्या आधीच घेतलेला असे. ब्रुनो पुत्झेस यांनी फिलिप्समध्ये असताना केलेल्या यूसीडी डिझाइनमध्ये तो फिल्टरनंतर घेतला, आणि ती अडचण बरीचशी मिटली. म्हणून ‘क्लास डी म्हणजे सबवूफरपुरता’ हे मत आता जुनं झालंय.

आणि व्हॉल्व्ह? ३०० बी या प्रसिद्ध व्हॉल्व्हचा एकेरी अ‍ॅम्प्लिफायर साधारण ८ वॅट देतो. आपल्या ८६ डेसिबलच्या स्पीकरवर तो ९० पर्यंत पोचून थकेल. पण ९५ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर लावा, त्याच थापेला ३ वॅटच्या थोडंच वर लागेल. तोच अ‍ॅम्प्लिफायर आता आरामात वाजेल! फक्त त्याचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो, त्यामुळे स्पीकरप्रमाणे आवाजाचा रंग थोडा बदलतो. कुणाला तो रंगच आवडतो, त्यात वाईट काहीच नाही.

खरेदीला जाताना तीन गोष्टी बघा. एक, लिहिलेले वॅट किती विकृतीला मोजलेत? स्वस्त क्लास डी बोर्डांवर ‘५० वॅट’ बऱ्याचदा १० टक्के विकृतीचे असतात. स्वच्छ वॅट त्याहून कमी. दोन, ते ४ ओहमला आहेत की ८ ला, आणि तुमचा स्पीकर कितीचा? तीन, दुकानात तुलना करताना दोन्हींचा आवाज मीटरने सारखा करून घ्या. किंचित मोठा वाजणारा सेट कानाला उगाचच चांगला वाटतो.

माझं मत विचाराल तर साध्या स्पीकरला ५० स्वच्छ वॅटचा चांगला एबी किंवा नवा डी घ्या. उरलेले पैसे स्पीकरवर घाला, कारण सर्वांत जास्त फरक तिथेच पडतो. क्लास ए आणि व्हॉल्व्ह हे हौसेचे मार्ग आहेत. हौस जरूर करा, पण आधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघून.

तुमच्या स्पीकरचा आकडा आणि बसायचं अंतर कळवा, पुढच्या भागात काहींचा हिशोब एकत्र मांडू. तोवर ऐकत राहा!