शाळेतले उपक्रम आणि मुलांचा आत्मविश्वास: पालकांनी काय करावे?

तिसरीतल्या एका मुलीला तिची आई तपासायला घेऊन आली. दोन महिन्यांपासून मुलीचे पोट अधूनमधून दुखत होते. जंतांचे औषध देऊन झाले होते, सोनोग्राफीतही काही निघाले नव्हते. भूक चांगली होती, वजन वाढत होते, रात्री झोप शांत लागत होती. "साधारण कोणत्या वारी दुखते?" असे विचारल्यावर आई जरा थांबली आणि म्हणाली, "डॉक्टर, बहुतेक गुरुवारीच." गुरुवारी त्या मुलीच्या वर्गाकडे परिपाठ असायचा आणि सगळ्या शाळेसमोर सुविचार सांगावा लागायचा.

शाळा सुरू झाल्यावर जून-जुलैमध्ये आणि पुढे स्नेहसंमेलन व क्रीडास्पर्धांच्या दिवसांत अशी मुले दवाखान्यात हमखास दिसतात. पालक विचारतात, "मुलाला त्या दिवशी घरी ठेवू का? की बळेच पाठवू?" बहुतेक वेळा या दोन्हींच्या मधला मार्ग उपयोगी पडतो. तो समजण्यासाठी आधी आत्मविश्वास कसा तयार होतो ते पाहू.

पोट खरेच दुखते का?

हो, खरेच दुखते. मूल नाटक करत नाही. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते. छाती धडधडते, तळहात घामेजतात, तोंड कोरडे पडते आणि आतड्यांची हालचाल बदलते. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंची सतत देवाणघेवाण चालू असते, त्यामुळे लहान मुलांमध्ये भीती बहुधा पोटातूनच बोलते. म्हणून "काही होत नाहीये तुला" असे म्हणू नका. "भीती वाटली की पोटात गोळा येतो, थोड्या वेळाने जातो" असे सांगा. हे खरेही आहे आणि मुलाला पटणारेही.

मात्र त्या दिवशी घरी ठेवले तर काय होते? पोट लगेच थांबते. मुलाला सुटल्यासारखे वाटते आणि मेंदू एवढेच शिकतो की टाळले की बरे वाटते. पुढच्या गुरुवारी भीती थोडी मोठी होऊन येते. याउलट, तयारी नसताना बळेच उभे केले आणि फजिती झाली, तरी भीती वाढते.

आत्मविश्वास येतो कुठून?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये, 'मला हे जमेल' हा विश्वास चार गोष्टींतून तयार होतो असे मांडले: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणे, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर आणि त्या वेळी शरीराला काय जाणवते ते. यात सगळ्यात बळकट पहिला, म्हणजे स्वतःचा अनुभव. "तू हुशार आहेस" असे दहा वेळा सांगण्यापेक्षा अवघड वाटलेली एक छोटी गोष्ट मुलाने स्वतः पार पाडणे जास्त काम करते.

चिकाटीचेही तसेच आहे. ती उपदेशाने येत नाही. चुकल्यावर पुन्हा करायची संधी मिळाली आणि दुसऱ्या वेळी थोडे बरे जमले, असे अनेकदा घडले की ती अंगवळणी पडते.

शाळेतले कोणते उपक्रम उपयोगी पडतात?

पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी महागड्या शिबिरांची गरज नसते. बहुतेक शाळांत असणाऱ्या या गोष्टी पुरेशा आहेत:

- परिपाठ: यात चढत्या पायऱ्या आपोआप असतात. आधी सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा, मग कागदावर पाहून सुविचार, मग दिनविशेष किंवा बातम्या आणि शेवटी पाठ केलेली बोधकथा. मुलाला एकदम शेवटच्या पायरीवर उभे करू नये.
- लेझीम, समूहगीत, समूहनृत्य: एखादे पाऊल चुकले तरी बाकीच्यांबरोबर सावरून घेता येते. बुजऱ्या मुलांनी मंचावर पहिल्यांदा जायचे असेल तर समूहातून जाणे सोपे.
- खो-खो, लंगडी: खो-खोमध्ये बाद होणे हा खेळाचाच भाग आहे. बाद झालेला खेळाडू पुढच्या डावात पाठलागाला उतरतो. हरल्यावरही खेळ चालू राहतो, हे मूल पायांनी शिकते.
- दोरीवरच्या उड्या, मल्लखांब: यात तुलना स्वतःशीच करता येते. मागच्या आठवड्यात सलग सात उड्या झाल्या, या आठवड्यात अकरा, हे मुलाला स्वतःला मोजता येते.
- परसबाग: मेथी पेरली की चार-पाच दिवसांत उगवते आणि साधारण तीन-चार आठवड्यांत काढणीला येते. रोज पाणी घालण्याचे फळ डोळ्यांसमोर दिसते. शब्दांत मागे असलेले मूल इथे अनेकदा पुढे असते.
- कब-बुलबुल: प्राथमिक वयाच्या मुलांसाठीच्या या स्काउट-गाइड पथकांत गाठी मारणे, वस्तू नीट लावणे अशी छोटी कामे असतात. जबाबदारी पार पाडल्याचा अनुभव मिळतो.

उपक्रम निवडताना तीन गोष्टी पाहा: चुकल्यावर पुन्हा करता येते का, स्वतःची प्रगती मुलाला दिसते का, आणि काम मुलाचे स्वतःचे आहे का. विज्ञान प्रदर्शनाची प्रतिकृती बाबांनी रात्री जागून केली, तर बक्षीस मिळेल. पण 'मला जमले' हा अनुभव मिळणार नाही.

भीती वाटत असेल तर पायऱ्या करा

त्या मुलीसाठी आम्ही आई आणि वर्गशिक्षिकांच्या मदतीने अशा पायऱ्या ठरवल्या:

1. घरी आईसमोर सुविचार मोठ्याने वाचणे.
2. संध्याकाळी आजी-आजोबा आणि शेजारच्या दोन मुलांसमोर वाचणे.
3. वर्गात बाकाजवळ उभे राहून वाचणे.
4. परिपाठात मैत्रिणीबरोबर जोडीने वाचणे.
5. परिपाठात एकटीने, कागद हातात धरून वाचणे.

एक पायरी सोपी वाटेपर्यंत पुढची घ्यायची नाही. बोलण्यापूर्वी तीन-चार वेळा सावकाश श्वास सोडायचा. श्वास सावकाश सोडल्याने धडधड कमी व्हायला मदत होते. मधल्या काळात गुरुवारी शाळा मात्र चुकवायची नाही.

या सगळ्याला सात आठवडे लागले. पाचव्या पायरीला ती दुसऱ्याच शब्दाला अडखळली, थांबली आणि वाक्य पहिल्यापासून वाचले. आईने हे सांगितले तेव्हा मला ती अडखळली याचाच जास्त आनंद झाला. अडखळल्यावर पुन्हा सुरू करता येते, हे तिला त्या दिवशी कळले. पुढच्या काही गुरुवारीही सकाळी पोटात थोडा गोळा यायचा, पण ती डबा घेऊन निघायची.

घरी कसे बोलावे?

अमेरिकेत 1998 मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कोडी सोडवल्यावर काही मुलांच्या हुशारीचे कौतुक केले, काहींच्या मेहनतीचे. पुढे अवघड कोडी देऊन अपयश आले तेव्हा, मेहनतीचे कौतुक झालेली मुले जास्त टिकून राहिली. नंतरच्या अभ्यासांत अशा विचारांवर आधारलेल्या शालेय कार्यक्रमांचा परिणाम बेताचाच दिसला. म्हणजे नुसते शब्द बदलून चमत्कार होत नाही. पण शब्द योग्य असले तर मुलाला सराव करावासा वाटतो.

- "पहिला आलास का?" याऐवजी "आज काय नवीन जमले? कुठे अडले?" असे विचारा.
- "शाब्बास, हुशार!" याऐवजी नेमके सांगा: "दोनदा चुकलीस तरी गाठ सोडून पुन्हा मारलीस, ते मला आवडले."
- तुमची स्वतःची चूकही सांगा: "आज माझी पोळी करपली, दुसरी नीट केली."
- भावंडांशी किंवा शेजारच्या मुलाशी तुलना नको. पाहुण्यांसमोर "म्हण बघू कविता" हा आग्रहही नको.
- "आमचा हा लाजाळूच आहे" असे त्याच्यासमोर बोलू नका. मूल तसेच वागू लागते.

झोप आणि खेळ यांनाही जपा. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना रात्री 9 ते 12 तास झोप लागते. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल सुचवते. अपुऱ्या झोपेने चिडचिडलेल्या मुलाकडून चिकाटीची अपेक्षा करू नये.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

प्रत्येक पोटदुखी भीतीची नसते. पुढीलपैकी काही असेल तर लगेच तपासून घ्या:

- वजन घटणे किंवा उंची न वाढणे
- झोपेतून जाग येईल इतके दुखणे
- वारंवार किंवा हिरवट उलटी, शौचातून रक्त, ताप
- लघवीला जळजळ
- बेंबीपासून दूर, ठराविक एकाच जागी दुखणे

कधी मूल मागे पडते त्याचे कारण वेगळेच असते. फळ्यावरचे दिसत नाही, कमी ऐकू येते, रक्तक्षयामुळे लवकर दमते, बोलताना अडखळते किंवा वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असते. डोळे, कान आणि हिमोग्लोबिन तपासणे सोपे आहे. ते न तपासता मुलाला आळशी ठरवू नका. घरी भरभरून बोलणारे मूल शाळेत एक महिन्याहून अधिक काळ अजिबात बोलत नसेल, शाळेतच जात नसेल, किंवा "मी नकोच" असे काही बोलत असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. शाळेत कोणी मारते, चिडवते किंवा नको तसा स्पर्श करते का, हेही शांतपणे विचारा. तसे असेल तर मुलाला पायऱ्या चढायला लावू नका. आधी त्रास थांबवा.

पुढच्या वेळी शाळेच्या दिवशी पोट दुखले, तर एका वहीत तारीख, वार, वेळ आणि त्या दिवशी शाळेत काय होते ते लिहून ठेवा. चार आठवड्यांची ती नोंद घेऊन या. अनेकदा निदान त्या वहीतच सापडते आणि पहिली पायरीही.