एका सरोवरातील दोन वंश : हिमयुगे आणि उत्तरेकडील गोड्या पाण्यातील माशांची जनुकीय विविधता

अमेरिकेतील मेन राज्य आणि कॅनडातील क्विबेक प्रांत यांच्या सीमेलगत सेंट जॉन नदीचे खोरे पसरलेले आहे. या खोऱ्यातील काही सरोवरांत सामन-ट्राउटच्या कुलातील व्हाइटफिश हा मासा दोन रूपांत आढळतो. एक रूप सामान्य आकाराचे. त्याची लांबी ४० सेंटिमीटरांहूनही अधिक भरते, ते बहुधा तळालगतच्या जीवांवर उपजीविका करते आणि प्रौढ होण्यास काही वर्षे घेते. दुसरे रूप खुजे. त्याची वाढ २० सेंटिमीटरांच्या आसपास थांबते, ते एकदोन वर्षांतच प्रजननक्षम होते, मोकळ्या पाण्यातील प्लवकांवर जगते आणि अल्पायुषी असते. दोन्ही रूपे एकाच पाण्यात नांदतात. तथापि त्यांचा परस्परांशी संकर फारसा होत नाही. मेनमधील या खुज्या रूपाकडे फेंडरसन यांनी १९६४ मध्ये अभ्यासकांचे लक्ष वेधले.

या दोन रूपांचा उगम कसा झाला, हा प्रश्न वरवर पाहता स्थानिक वाटतो. परंतु जातिनिर्मितीविषयीचा एक जुना वाद त्यात गुंतलेला आहे. दोन उत्तरे संभवतात. सरोवरात शिरलेल्या एकाच पूर्वजसमूहाने भक्ष्याच्या निवडीनुसार तेथेच दोन वाटा धरल्या, हे पहिले. दोन समूह अन्यत्र आधीच भिन्न झाले आणि निरनिराळ्या दिशांनी येऊन येथे एकत्र आले, हे दुसरे. केवळ लांबी, खवले आणि कल्ल्यांच्या कमानींवरील अन्न गाळणारे दाते मोजून याचा निकाल लागत नाही; कारण अशी लक्षणे आहार व अधिवास यांच्या प्रभावाखाली थोड्या पिढ्यांतही पालटू शकतात. व्हाइटफिशच्या वर्गीकरणात जो गोंधळ दीर्घकाळ माजला, त्याचे मूळही बव्हंशी यातच आहे. निकाल लावावयाचा तर हे खोरे बर्फाखाली होते त्या काळापर्यंत मागे जावे लागते.

हिमयुगाची कल्पना १८३७ मध्ये शास्त्रज्ञांसमोर आग्रहाने मांडणारे लुई अगासी हे मुळात जीवाश्म माशांचे अभ्यासक होते. माशांच्या इतिहासातील हिमाचा वाटा रेणूंच्या आधारे मोजता येण्यास मात्र पुढे जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागली. प्लायस्टोसीन काळात उत्तर अमेरिकेवर हिमावरण पुनःपुन्हा पसरले आणि ओसरले. त्याचा शेवटचा मोठा विस्तार सुमारे २१,००० वर्षांपूर्वी कळसाला पोहोचला. त्या वेळी जवळजवळ सर्व कॅनडा बर्फाखाली होता आणि काही ठिकाणी त्या थराची जाडी ३ किलोमीटरांच्या घरात होती. अशा प्रदेशात गोड्या पाण्यातील मासा उरणे शक्य नव्हते. आज तेथे दिसणारा प्रत्येक मासा हा बाहेरून परतलेल्या पूर्वजांचा वंशज होय.

ते पूर्वज कोठे तगून राहिले? व्हाइटफिशपुरते बोलावयाचे तर चार आश्रयक्षेत्रांचा उल्लेख केला जातो. पहिले बेरिंजिया, म्हणजे अलास्का व युकॉन यांमधील बर्फमुक्त राहिलेला प्रदेश. दुसरे हिमकडेच्या दक्षिणेस असलेले मिसिसिपीचे विस्तीर्ण खोरे. तिसरे अटलांटिक किनाऱ्याचे मैदान. चौथे अकेडिया : समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरांनी खाली गेल्यामुळे ईशान्य किनाऱ्यासमोर जी भूमी उघडी पडली होती, तिच्या परिसरात हे क्षेत्र असावे असे मानले जाते. ही क्षेत्रे दीर्घकाळ एकमेकांपासून तुटलेली होती. पक्षी बर्फावरून उडून जाऊ शकतो, झाडाचे बी वाऱ्यावर वाहून जाते. माशाला पाण्याखेरीज मार्ग नाही. म्हणूनच भूरचनेतील बदलांची नोंद माशांच्या वंशावळीत जितक्या रेखीवपणे उमटते, तितकी अन्य प्राण्यांत क्वचित उमटते.

बर्फ वितळू लागले तेव्हा हा मार्ग बर्फानेच तयार केला. हिमस्तराच्या भाराने भूपृष्ठ खचलेले होते. मागे सरकणाऱ्या कडेपुढील या खोलगट भागात वितळलेले पाणी साचून अफाट सरोवरे निर्माण झाली. अगासी यांचेच नाव दिलेले त्यांतील एक सरोवर आजच्या सर्व पंचमहासरोवरांच्या एकत्रित क्षेत्राहूनही मोठे झाले होते. आजचे विनिपेग सरोवर हा त्याचाच अवशेष होय. या सरोवरांचे काठ, पातळ्या आणि बाहेर पडण्याचे प्रवाह वारंवार बदलत राहिले. आज ज्या नदीखोऱ्यांना काहीही संबंध नाही, ती काही शतके जोडली गेली व पुन्हा तुटली. मिसिसिपीच्या आश्रयातून निघालेला व्हाइटफिशचा वंश आज पंचमहासरोवरांपासून वायव्य कॅनडापर्यंत पसरलेला दिसतो, तो या जलमार्गांमुळेच.

या परतीच्या प्रवासाची किंमत जनुकीय विविधतेत मोजावी लागली. नव्या सरोवरात प्रथम शिरणारे मासे थोडे असतात. मूळ समूहातील जनुकरूपांपैकी थोडीच त्यांच्याबरोबर येतात, आणि पुढच्या सरोवरात जाणारे त्यांतीलही थोडेच. ही गाळणी पुनःपुन्हा लागली म्हणजे आघाडीवरील समूह विविधतेने दरिद्री होतात, असे विवेचन गॉडफ्री ह्युइट यांनी युरोपातील प्राणी व वनस्पती यांच्या आधारे केले होते. बर्नाचे आणि विल्सन यांनी १९९८ मध्ये उत्तर गोलार्धातील ४२ जातींच्या माशांची तुलना केली, तेव्हा उत्तर अमेरिकेत सुमारे ४६ अंश उत्तर अक्षांशापलीकडे विविधता एकदम घटते, असे आढळले. तेथेच हिमावरणाची सर्वसाधारण दक्षिण सीमा होती.

तथापि विविधता घटली एवढेच म्हणणे अपुरे होय. बर्फाने प्रत्येक समूहातील विविधता कमी केली, पण समूहांसमूहांतील अंतर मात्र वाढविले, आणि नंतर त्याच दुरावलेल्या वंशांना एका पाण्यात आणून सोडले. सेंट जॉनचे खोरे हे अशा भेटीचे स्थान आहे.

हे सिद्ध करण्याचे साधन १९८० च्या दशकात हाती आले. मायटोकाँड्रियांतील डीएनए जवळजवळ केवळ मातेकडूनच येते व त्याची पुनर्जुळणी सहसा होत नाही; म्हणून त्यातील बदलांवरून मातृवंशाची शाखा ओळखता येते. अशा शाखांचा भूगोलाशी संबंध जोडणाऱ्या अभ्यासशाखेला जॉन अ‍ॅव्हिस व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये स्वतंत्र नाव दिले. १९९० मध्ये लुई बर्नाचे व ज्युलियन डॉडसन यांनी या डीएनएचे ठरावीक ठिकाणी छेद करणाऱ्या एंझाइमांच्या साहाय्याने सेंट जॉनच्या खोऱ्यातील व्हाइटफिश तपासला. मेनमधील क्लिफ सरोवरात खुजे मासे अकेडियाच्या शाखेचे निघाले, तर सामान्य आकाराचे मासे मुख्यतः दुसऱ्या, पश्चिमेकडून आलेल्या शाखेचे. खोऱ्यातील बर्फ हटून सुमारे १२,००० वर्षे झाली आहेत; दोन शाखांमध्ये दिसणारे अंतर निर्माण होण्यास एवढा काळ पुरत नाही. तेव्हा हे वंश सरोवरात येण्यापूर्वीच भिन्न झालेले होते.

येथे वादाचा निकाल दुसऱ्या उत्तराच्या बाजूने लागला असे वाटेल. वस्तुतः तो अर्धाच लागला. जेथे अकेडियाची शाखा एकटीच राहते, तेथील मासे खुजे नसून सामान्य आकाराचे आहेत. म्हणजे खुजेपणा आश्रयक्षेत्रातून आलेला नाही; तो भेटीनंतर उत्पन्न झाला. तळालगतचे अन्न एका वंशाने व्यापले असता दुसरा मोकळ्या पाण्याकडे ढकलला गेला, असा अर्थ लावणे सयुक्तिक दिसते. वंश बाहेर निराळे झाले, रूपे मात्र सरोवरात घडली. दोन्ही पक्ष अंशतः खरे ठरावेत, असे शास्त्रीय वादांत नेहमीच घडत नाही.

मायटोकाँड्रियांच्या साक्षीवर सर्वस्वी विसंबून राहणेही इष्ट नव्हे. ती केवळ मातृवंशाची साक्ष आहे, आणि एखाद्या संकराने ती एका समूहातून दुसऱ्यात जाऊ शकते. केंद्रकातील जनुकांच्या पुढील अभ्यासांत, विशेषतः २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, वियोग आणि पुनर्भेट यांचे चित्र कायम राहिले. पण जनुकांची देवाणघेवाण प्रत्येक सरोवरात निराळ्या प्रमाणात झाल्याचे दिसले. क्लिफ सरोवरात दोन्ही रूपे सर्वाधिक विभक्त आहेत, तर क्विबेकमधील तेमिस्कुआता सरोवरात ती बरीच मिसळलेली आहेत. दोन्ही रूपांचा प्रयोगशाळेत संकर केला असता संकरित भ्रूणांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते. एकाच प्रक्रियेच्या निरनिराळ्या पायऱ्या शेजारशेजारच्या सरोवरांत एकाच वेळी पाहावयास मिळाव्यात, ही जीवशास्त्रज्ञाच्या दृष्टीने दुर्मिळ संधी होय.

या अभ्यासाचा व्यवहाराशीही निकटचा संबंध आहे. जातींच्या यादीत सेंट जॉनचे दोन्ही मासे एकाच नावाखाली येतात. एका सरोवरातील पिले दुसऱ्यात सोडणारा मत्स्यव्यवसाय अधिकारी त्या यादीवर विसंबला, तर त्याच्या हिशेबात काहीच चुकत नाही. प्रत्यक्षात मात्र सहस्रावधी वर्षे विभक्त असलेल्या वंशांची सरमिसळ होते. अशी विभागणी किती सहज मोडू शकते, याचे उदाहरण कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हर बेटावरील एनॉस सरोवरात मिळते. तेथे काटेरी पाठीच्या स्टिकलबॅक माशाची दोन रूपे होती, एक तळाशी व दुसरे मोकळ्या पाण्यात राहणारे. तीही हिमोत्तर काळातच निर्माण झालेली होती. १९९० च्या दशकात या सरोवरात बाहेरून आलेला क्रेफिश दिसू लागला. १९७० व १९८० च्या दशकांत घेतलेल्या नमुन्यांत दोन जनुकीय गट स्पष्टपणे वेगळे दिसतात. १९९७ नंतरच्या नमुन्यांत दोहोंचा एकच संकरित समूह झालेला आढळतो. लास्केटी बेटावरील हॅडली सरोवरात याच माशाची अशीच एक जोडी होती. तेथे बाहेरचा मांजरमासा सोडला गेल्यानंतर त्या जोडीतील एकही रूप शिल्लक राहिले नाही.