बोनस राखण्यासाठी किती मोजावे?

मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करताना जो कागद हाती येतो, त्यात हप्त्याच्या रकमेखाली काही जादा संरक्षणांची यादी असते. त्या यादीतील एक कलम मध्यमवर्गीय मोटारमालकाला हमखास विचारात पाडते. वर्षानुवर्षे सांभाळून गाडी चालवल्याबद्दल मिळालेला ‘नो क्लेम बोनस’ अबाधित राहावा म्हणून आणखी काही शे रुपये भरावेत काय, असा तो प्रश्न आहे. रक्कम लहान असल्यामुळे कोणी विचार न करता होकार देतो, तर कोणी तितक्याच सहजपणे नकार देतो. वास्तविक थोडासा हिशेब केला तर या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याला घरबसल्या काढता येते.

प्रथम हा बोनस म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. एक वर्ष कोणताही दावा केला नाही तर पुढील वर्षी २० टक्के सवलत मिळते. त्यानंतर ती २५, ३५, ४५ अशी चढत जाऊन सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर स्थिरावते. मात्र ही सवलत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी आकारल्या जाणाऱ्या हप्त्यापुरतीच असते. ‘थर्ड पार्टी’ विम्याचा हप्ता सरकारच्या अधिसूचनेने ठरतो आणि त्यावर बोनस मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एकही दावा केला की पाच वर्षांत चढलेला हा सारा जिना एकदम खाली उतरावा लागतो. चूक दुसऱ्याची होती ही सबब येथे सहसा चालत नाही.

हिशेबाच्या सोयीसाठी असे धरू की, सवलत वजा होण्यापूर्वी एका गाडीच्या नुकसानीचा हप्ता १०,००० रुपये आहे. ५० टक्के बोनस असलेला मालक ५,००० रुपये भरतो. त्याने दावा केला तर पुढील वर्षी त्याला पूर्ण १०,००० भरावे लागतील. त्यानंतरच्या चार वर्षांत अनुक्रमे ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५०० असे भरत तो पुन्हा मूळ जागी येईल. दरवर्षीच्या ५,००० रुपयांहून त्याने जे अधिक भरले त्याची बेरीज १२,५०० रुपये होते. म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवरून घसरण्याची किंमत ही सवलतीपूर्वीच्या एका वर्षाच्या हप्त्याच्या सव्वापट आहे. गाडी जुनी होते तसे तिचे विमामूल्य घटते, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा काहीसा कमी भरेल. तरी अंदाजासाठी ‘सव्वापट’ हा नियम पुरेसा आहे.

आता संरक्षणाची किंमत वर्षाला ५०० रुपये आहे असे समजा. १२,५०० ला ५०० ने भागले तर २५ येतात. पंचवीस वर्षांत एकाहून अधिक वेळा मोठा दावा करावा लागेल असे ज्याला वाटते, त्याने हे पैसे भरणे फायद्याचे. परंतु गाडी लहान व जुनी असून सवलतीपूर्वीचा हप्ता ३,००० रुपयेच असेल, तर घसरणीची किंमत ३,७५० होते आणि त्याच ५०० रुपयांसाठी भागाकार साडेसातवर येतो. दर सात-आठ वर्षांनी अपघात करणारा मालक सोडला, तर इतरांना हा सौदा महागच म्हणावा लागेल. बोनस नुकताच २० टक्क्यांवर पोहोचलेल्याजवळ गमावण्यासारखे मुळात थोडेच असते.

हा भागाकार मोठ्या नुकसानीपुरता खरा आहे. नरखेड तालुक्यात संत्र्याचा हंगाम सुरू झाला की काटोल, जलालखेडा, मोवाडच्या रस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची गर्दी होते. या गर्दीत गाडीला जे लागते ते बहुधा बंपरला किंवा आरशाला लागते. समजा, बंपरचा खर्च ६,००० रुपये आला. नेहमीच्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला पहिले १,००० रुपये स्वतःच सोसावे लागतात. मालकाच्या हाती २,००० रुपये पडतात. या २,००० साठी १२,५०० रुपयांचा बोनस कोणी शहाणा मनुष्य घालवणार नाही, तो खर्च खिशातूनच करील. म्हणून अशा प्रसंगी संरक्षणाचा लाभ १२,५०० चा नसून केवळ २,००० चा आहे, आणि ते घेणे परवडायचे असेल तर असा प्रसंग दर चार वर्षांनी यावा लागेल.

विमागणिताच्या ग्रंथांत या वृत्तीला ‘बोनसची भूक’ म्हणतात. किरकोळ दावे विमा कंपनीकडे येऊच नयेत आणि त्यांच्या कागदपत्रांचा खर्च वाचावा, हा बोनस देण्यामागचा एक हेतू असतो. त्याच कंपन्यांनी पुढे बोनसचे संरक्षण विकायला काढावे, यात एक विसंगती आहे. संरक्षण घेतलेला ग्राहक लहानसहान दावेही करू लागतो, आणि त्यांचा भार शेवटी सर्वांच्या हप्त्यांवर पडतो.

येथे आणखी एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे. संरक्षण मिळते ते सवलतीच्या टक्केवारीला, हप्त्याच्या रकमेला नव्हे. गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर आपल्याकडे १ जानेवारी २००७ पासून नियंत्रणमुक्त झाले आहेत. दाव्यानंतर कंपनीने मूळ दरच वाढवला, तर ५० टक्के सवलत कायम राहूनही हप्ता वाढू शकतो. ब्रिटनमधील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने २०१४ साली मोटार विम्याची चौकशी केली, तेव्हा हे संरक्षण नेमके काय देते व त्याची किंमत काय, हे ग्राहकांना उमगत नाही असे त्याला आढळले. पुढील वर्षी आदेश काढून ही माहिती ग्राहकापुढे मांडणे त्याने विमा कंपन्यांवर बंधनकारक केले. आपल्याकडील ग्राहकाने ती स्वतः मागावी. वर्षात किती दाव्यांपर्यंत बोनस टिकेल आणि कंपनी बदलल्यास तो मान्य होईल काय, हे दोन प्रश्न पैसे भरण्यापूर्वीच विचारले पाहिजेत.

या साऱ्या हिशेबाच्या मुळाशी विम्याचे एक जुने तत्त्व आहे. जे नुकसान आपण सोसू शकतो ते सोसावे, आणि जे संसार उद्ध्वस्त करील त्याचा विमा उतरवावा. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने याच तालुक्यातील मोवाडमध्ये दोनशेहून अधिक बळी घेतले. क्वचित येणारे पण सर्वस्व नेणारे संकट कसे असते, हे या भागातील माणसाला निराळे सांगावयास नको. रस्त्यावर अशा संकटाचे रूप म्हणजे आपल्या वाहनाखाली कोणाचा तरी जीव जाणे. ‘थर्ड पार्टी’ विमा नसेल तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाला स्वतःच्या मिळकतीतून द्यावी लागते, आणि ती शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या आयुष्यभराच्या बचतीलाही पुरून उरेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाविमा वाहन चालवण्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपये असून तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्या भरपाईपुढे हा दंड काहीच नव्हे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा ‘थर्ड पार्टी’ विमा एकदमच घ्यावा लागतो. ही मुदत कधी संपली हे विसरणे फार सोपे आहे, आणि दुचाकीस्वार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी आज घरी जाऊन हीच एक तारीख पाहिली तरी पुष्कळ झाले.

बोनस विसराळूपणानेही बुडतो. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर एकही दावा न करता तो नाहीसा होतो. तसेच बोनस हा गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून बोनसचे प्रमाणपत्र घेतले, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला तो लावता येतो. या दोन्ही गोष्टींना जादा हप्ता लागत नाही.

तेव्हा क्रम असा असावा. ‘थर्ड पार्टी’ विम्यात एक दिवसाचाही खंड पडू देऊ नये, आणि गाडी कर्जाची किंवा मोलाची असेल तर तिच्या नुकसानीचा विमाही योग्य मूल्याचा घ्यावा. त्यानंतर सवलतीपूर्वीच्या हप्त्याची सव्वापट करून तिला संरक्षणाच्या किमतीने भागावे. उत्तर वीस-पंचवीस आले आणि बोनस ५० टक्क्यांवर असला तर ते खुशाल घ्यावे. सात-आठ आले तर तेवढे पैसे दरवर्षी टपाल कचेरीतील खात्यात टाकावेत. बंपर फुटेल तेव्हा ते कामी येतील, आणि न फुटला तर व्याजासह आपलेच राहतील.