पुलाखालचं चिकानो पार्क

सॅन डिएगो : खाडीपलीकडच्या श्रीमंत कोरोनाडो गावाला जाणारा वळणदार निळा पूल या शहराच्या प्रत्येक पोस्टकार्डावर दिसतो. तो जिथून सुरू होतो तिथे, बॅरिओ लोगन या मेक्सिकन-अमेरिकन वस्तीत, पुलाच्या काँक्रीट खांबांवर मेक्सिकन क्रांतिकारक झापाटा, शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ, चित्रकार फ्रिडा काहलो आणि ग्वादालुपेची माता मेरी रंगवलेली आहेत. हेच चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन लोकांचं, पार्क.

महामार्ग कुठून न्यायचा, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत एक सोपं उत्तर असे : गरीब, गोरेतर वस्तीतून. इथेही तेच घडलं. महामार्गाच्याही आधी, 1950च्या दशकात, घरांना लागून भंगारखान्यांना परवानगी मिळाली. 1963मध्ये महामार्गाने वस्तीचे दोन तुकडे केले आणि 1969मध्ये डोक्यावर पूल आला. घरं पाडली गेली, हजारो माणसं पांगली. पुलाखाली बाग मिळेल, एवढंच आश्वासन पदरात होतं.

22 एप्रिल 1970 रोजी बुलडोझर आले, पण महामार्ग पोलिसांच्या चौकीसाठी. बातमी पसरताच विद्यार्थी, बायका, मुलं, म्हातारे जमले. त्यांनी बुलडोझरांभोवती मानवी साखळी धरली, जागेचा ताबा घेतला आणि निवडुंग, फुलझाडं लावायला सुरुवात केली. 12 दिवसांनी सरकार वाटाघाटींना तयार झालं आणि चौकीचा बेत बारगळला.

याच वस्तीत वाढलेले चित्रकार साल्वादोर टोरेस यांना त्या राखाडी खांबांमध्ये चित्रांच्या भिंती दिसल्या. 1973पासून रंगकाम सुरू झालं. कुठे अ‍ॅझ्टेक देवता आहेत, कुठे शेतमजुरांचा लढा, तर एका खांबावर भंगारखाने हटवा अशी थेट मागणी. 1990च्या दशकात पूल भूकंपात टिकेल असा मजबूत करायचं ठरलं, तेव्हा चित्रं जाऊ नयेत म्हणून रहिवाशांना पुन्हा उभं राहावं लागलं. दर एप्रिलला इथे वर्धापनदिन भरतो. त्यात अ‍ॅझ्टेक नृत्य असतं आणि जमिनीला टेकतील इतक्या बुटक्या केलेल्या, चकचकीत जुन्या मोटारीही.

2016मध्ये केंद्र सरकारने या पार्कला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. त्यानंतरच्या वर्षांत आसपास कलादालनं आणि कॉफीची दुकानं वाढली, घरभाडीही चढली. सरकारी दर्जाने खांबांवरची चित्रं सुरक्षित झाली, पण ती रंगवणाऱ्या वस्तीचं भाडं त्याने कमी होत नाही. बॅरिओ लोगनची पुढची लढाई घरासाठीच आहे.