विजेची पुंगी

लग्नाची वरात वेशीपाशी आली, की एक ठरलेला प्रकार घडतो. नवरदेवाचा कुणी तरी मित्र रुमालाचे टोक दातांत धरून त्याची पुंगी करतो, दुसरा डोक्यावर दोन्ही पंजांचा फणा उभारून धुळीत लोळू लागतो, आणि बँडवाला ओळखून ती एकच धून सुरू करतो. कोणती ते सांगायला नकोच. आजीबाईंपासून शेंबड्या पोरांपर्यंत सर्वांना ती पाठ आहे.

आता मी जर म्हटले, की ‘नागिन’मधली ती पुंगी मुळी पुंगीच नव्हती, तर वाचकहो, तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. पण गोष्ट खरी आहे. १९५४ साली निघालेल्या या चित्रपटाचे संगीतकार हेमंतकुमार. त्यांच्या वाद्यवृंदात कल्याणजी वीरजी शहा नावाचे एक तरुण वादक होते. पुढे गाजलेल्या कल्याणजी-आनंदजी जोडीतले कल्याणजी ते हेच. घराणे कच्छचे, वडिलांचे मुंबईत किराणा मालाचे दुकान, आणि वाढले आपल्या गिरगावात. या कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या पेटीवर पुंगीचा आवाज काढला, जोडीला रवी यांनी हार्मोनियम धरली, आणि सारा देश डोलू लागला. तेथे गारुडी नव्हता, भोपळा नव्हता, वेळूची नळीही नव्हती!

ही पेटी कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच गृहस्थाने १९४७ साली तयार केली. तिची आतली कारागिरी मोठी गमतीची. खऱ्या पुंगीत फुंक मारली, की पत्ती थरथरते आणि त्या थरथरीचा स्वर होतो. या पेटीत पत्तीच नाही. जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांच्या साह्याने वीजच सेकंदाला शेकडो हेलकावे घेते. ते हेलकावे लाउडस्पीकरचा पडदा हलवतात, आणि आपल्याला स्वर ऐकू येतो. पट्टी बदलली की हेलकाव्यांचा वेग बदलतो. आवाज नाकातला हवा की भरदार, हे ठरवायला वेगळ्या कळा. एका वेळी स्वर मात्र एकच निघे. पुढे ज्याला सिंथेसायझर म्हणू लागले, त्या वाद्याची ही थोरली बहीणच म्हणा ना!

हे सारे आज मी शहाणपणाने सांगतो आहे. पण प्रथम कळले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याला कारण आमचे काका.

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर आमचे इस्लापूर. जवळच पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा, आसपास सागाचे रान. काकांनी लहानपणी ‘नागिन’ तंबूतल्या सिनेमात पाहिला, आणि मोठेपणी बँडपथकात क्लॅरोनेट हाती घेतले ते त्या धुनेसाठीच. पंचक्रोशीत त्यांच्या पुंगीचा बोलबाला होता. “ही गारुड्याची फुंक हाय, येरागबाळ्याचं काम न्हाई,” असे ते अभिमानाने सांगत. मग तीसएक वर्षांपूर्वी पथकाच्या मालकाने विजेवरचा कीबोर्ड आणला. एक कोवळा पोरगा एका बोटाने सनई, सारंगी, पुंगी, सगळेच काढू लागला. काकांना सांगण्यात आले, “आता तुम्ही आराम करा.” काकांनी क्लॅरोनेटची पिशवी खुंटीला टांगली, ती टांगलीच. तेव्हापासून विजेच्या वाजंत्रीचे नाव काढले, की ते ताटावरून उठत. अशा माणसाला, ‘तुमची ती फुंक विजेची होती,’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

म्हणून आधी मी या वाद्यांची कुळकथाच शोधायला बसलो. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली आपले यंत्र लोकांपुढे मांडले. त्यातली युक्ती अशी, की स्वराची उंची विजेच्या दाबावर ठरते: दाब एक व्होल्टने वाढवा, स्वर नेमका एक सप्तक चढतो. कच्चा स्वर आधी भरपूर कर्कश तयार करायचा, मग गाळणीतून गाळून हवा तेवढाच ठेवायचा, आणि तो कसा उमटावा, कसा विरावा, हे तिसऱ्या भागाने सांगायचे. चहा करण्याहून ही रीत फारशी वेगळी नाही! १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या रचना या यंत्रावर वाजवून तबकडी काढली, आणि दुनिया चकित झाली. लगेच १९६९ मध्ये मूगचे एक यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले. गीता साराभाई आदींनी त्यावर केलेले प्रयोग फितींवर पडून राहिले, ते थेट २०२३ साली तबकडीरूपाने प्रसिद्ध झाले. मुंबईत केर्सी लॉर्ड यांनी हिंदी चित्रपटसंगीताला मूगचा परिचय करून दिला.

या जुन्या यंत्रांची एक खोड मात्र मला फार आवडली. त्यांना ऊन सोसत नाही. खोली तापली, की स्वर जागचा हलतो, आणि वादकाला पुन्हा लावून घ्यावा लागतो. आजचे कीबोर्ड आकड्यांच्या हिशेबाने चालतात. त्यांना ही व्यथा नाही.

पण सर्वांत नवलाची हकीकत मुंबईच्या चरणजित सिंग यांची. हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले जुने वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे एकत्र जोडली: एक तालाचे, एक खर्जाचे, एक स्वरांचे. त्यांवर भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. त्या वेळी तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. पुढे १९८७ साली शिकागोत त्याच खर्जाच्या यंत्रावर नाचाचे एक नवे संगीत जन्माला आले आणि जगभर गाजले. २००२ साली एका डच संग्राहकाला दिल्लीत सिंगसाहेबांची जुनी तबकडी सापडली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले: हा आवाज मुंबईत पाच वर्षे आधीच घुमला होता! सत्तरी ओलांडलेल्या सिंगसाहेबांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

गेल्या दिवाळीत मी इस्लापूरला गेलो, तो ही सारी शिदोरी घेऊनच. फराळ झाल्यावर धीर करून काकांना पुंगीची हकीकत सांगितली. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजी त्यो मशिनीतून पुंगी काढीत व्हता, आन् मी मशिनीची पुंगी फुंकीनं काढीत बसलो?”

“हो, काका.”

“मशीन वाजवणारा माणूसच व्हता ना?”

“माणूसच. गिरगावातला.”

“मग बोटं त्याचीच म्हणायची,” काका म्हणाले, आणि चिवड्याची बशी पुढे ओढली.

उन्हात स्वर हलतो, हे ऐकून ते चक्क हसले. “आमचं क्लॅरोनेट बी चैत्रात चढायचं. त्याचं काय येगळं?” मग सिंगसाहेबांचा मालकंस त्यांनी डोळे मिटून ऐकला. “ठेका कायबी असंल,” ते म्हणाले, “कान आपला हाय.” तरीही एक आक्षेप राहिलाच: “पेटीला मींड येत न्हाई.” आक्षेप जुना आहे. याच कारणाने आकाशवाणीने १९४० पासून तब्बल तीन दशके हार्मोनियमला दार बंद ठेवले होते, आणि ती हार्मोनियम तरी कोठली? मुळात पॅरिसचीच!

मी उठलो आणि गल्लीतल्या, पथकात वाजवणाऱ्या मुलाला कीबोर्डसह बोलावून आणले. कीबोर्डच्या डाव्या बाजूला एक छोटे चाक असते. १९७० साली निघालेल्या मिनीमूगवर ते होते, तेव्हापासून रूढ झाले. ते फिरवले, की स्वर घसरत जातो. मुलगा म्हणाला, त्याने त्याला कधी हातच लावला नव्हता. त्याने धून वाजवली. सपाट, पाट्यावर मारल्यासारखी. काका खुर्ची सरकवून जवळ बसले आणि त्यांनी त्याचे मनगट धरून चाकावर ठेवले.

“हळू,” ते म्हणाले. “साप घाईत नसतो.”

तिसऱ्या खेपेला तो स्वर वळला, आणि स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. त्यांना वाटले, काकांनी पिशवी खुंटीवरून काढली!

पिशवी त्या दिवशी निघाली नाही. पण परवा फोन आला. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात, म्हणून काकांनी नांदेडहून क्लॅरोनेटची नवी पत्ती मागवली आहे.