अंड्यांचे रंग

श्रोतेहो, अंडे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी शुभ्र, लंबवर्तुळाकार अशी एक वस्तू उभी राहते. ही समजूत आपल्याला कोंबडीने करून दिली आहे, आणि तीही अपुरी. पक्षिसृष्टीत पांढरी अंडी आहेत, तशीच निळी आहेत, हिरवट आहेत, विटेसारखी तांबडी आहेत. काहींवर ठिपके, काहींवर डाग, तर काहींवर लेखणी घेऊन गिरगटावे तशा काळ्या रेघा. जे अंडे काही दिवसांत फुटूनच जावयाचे, त्यावर निसर्गाने एवढा रंग का खर्चावा? आज या प्रश्नाचा थोडा विचार आपण करू.

त्यासाठी दूरच्या अरण्यात जाण्याचे कारण नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीचे उदाहरण घेऊ. या कारखान्याविषयी भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात १९५५ साली करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची वसाहत उभी राहिली, आणि देशाच्या नाना प्रांतांतून माणसे तेथे नांदावयास आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. सेक्टर २ हा त्या वसाहतीचाच एक भाग. रांगेने बांधलेली घरे, अंगणातील आंबा-पेरू, रस्त्याकडेची झाडे, मधली मोकळी मैदाने, असे जेथे जेथे असते तेथे मध्य भारतातील नेहमीचे पक्षी आपापली घरटी थाटतातच. माणसांना घरे मंडळाकडून वाटून मिळतात. पक्ष्यांना ती स्वतः शोधावी लागतात. आणि जागा कोणती मिळाली, यावर अंड्याचा रंग पुष्कळ अंशी अवलंबून असतो.

प्रथम हा रंग येतो कोठून ते पाहू. कोंबडीच्या पोटात पिवळा बलक अंडनलिकेत उतरल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत साधारणपणे २४ ते २६ तास लागतात. त्यांपैकी सुमारे २० तास केवळ कवच घडविण्यात जातात. हे कवच मुख्यतः चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. ते मुळात पांढरेच. त्यावर रंग चढविण्यासाठी निसर्गाने मुख्यतः दोनच द्रव्ये वापरली आहेत. एकाचे नाव प्रोटोपॉर्फिरिन. याने तांबूस, तपकिरी, काळपट छटा येतात. दुसऱ्याचे नाव बिलिव्हर्डिन. याने निळा आणि हिरवा रंग येतो. या दोन्ही द्रव्यांचे रक्तातील लाल रंगाशी जवळचे नाते आहे. आपल्याला मुका मार लागला की काही दिवसांनी कातडीवर हिरवट डाग दिसतो. तो या बिलिव्हर्डिनचाच. दोन द्रव्यांच्या कमीअधिक मिश्रणाने एवढी विविधता साधावी, हे एखाद्या कुशल रंगाऱ्यालाही मान खाली घालावयास लावणारे आहे.

कोंबडीच्या अंड्याचा तपकिरी रंग शेवटच्या काही तासांत कवचाच्या बाहेरच्या थरात बसतो. म्हणून तपकिरी अंडे फोडून कवच आतून पाहिले तर ते फिकट दिसते. निळा रंग मात्र कवचात खोलवर मुरलेला असतो. रंग बसत असताना अंडे स्थिर असेल तर ठिपका उमटतो. ते पुढे सरकत किंवा फिरत असेल तर ठिपक्याची रेघ होते. येथेच एक गैरसमज दूर करावयास हवा. तपकिरी अंडे अधिक पौष्टिक, असे बाजारात सर्रास सांगितले जाते. वस्तुतः कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पौष्टिकता तिच्या खाण्यावर. ज्या कडकनाथ कोंबडीचे मांससुद्धा काळे, तिची अंडीही काळी नसतात. ती फिकट तपकिरीच असतात.

आता आपल्या वसाहतीतील शेजारी पाहू. पिंगळा, पोपट, तांबट, सुतार हे झाडांच्या ढोलीत राहणारे. खंड्या आणि वेडा राघू मातीच्या दरडीत बोगदा कोरून राहणारे. या सर्वांची अंडी पांढरी. अंधाऱ्या घरात रंगरंगोटी कशाला, असा व्यवहार येथे दिसतो. शत्रूच्या नजरेपासून लपविण्याची गरज नाही; उलट काळोखात पांढरे अंडे आईबापांना चटकन दिसते. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने १८८९ च्या आपल्या ‘डार्विनिझम’ या ग्रंथात अंड्यांच्या रंगांची चर्चा केली आहे. झाकलेल्या घरट्यात पांढरी अंडी आणि उघड्यावर लपविणारे रंग, हा तर्क त्या काळापासून चालत आला आहे.

पण निसर्ग नियमाबरोबर अपवादही ठेवतो. होला चार काटक्यांचे उघडे घरटे बांधतो आणि त्यात पांढरी अंडी घालतो. त्याचे कसे निभावते? नर आणि मादी पाळी लावून अंड्यांवर जवळजवळ सतत बसून असतात. अंड्याचा पांढरेपणा आईबापांच्या मातकट पिसांखाली झाकला जातो. साळुंकी मात्र याच्या उलट. ती बिळात राहते आणि सुंदर निळी अंडी घालते. याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात, ही पूर्वजांच्या उघड्या घरट्याची खूण असावी. २००३ साली दोन संशोधकांनी अशी कल्पना मांडली की गडद निळे अंडे हे आईच्या आरोग्याचे प्रमाणपत्र असावे. ते पाहून नर पिल्लांसाठी अधिक कष्ट घेत असेल. काही पक्ष्यांत या कल्पनेला पुष्टी मिळाली, काहींत मिळाली नाही.

उघड्यावरच्या अंड्यांची खरी परीक्षा पाहावयाची तर टिटवीकडे वळले पाहिजे. टिटवी घरटे असे बांधतच नाही. उघड्या जमिनीत एक उथळ खळगा, भोवती चार खडे, आणि त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोके मध्याकडे करून ठेवलेली. राखट-मातकट रंगावर काळपट डाग. दोन पावलांवर उभे राहूनही ती अंडी दिसत नाहीत. दिसतात ते खडे. रुळांच्या गिट्टीत आणि सपाट छपरांवरील खडीतही टिटवीने अंडी घातल्याच्या नोंदी आपल्या देशात अनेक झाल्या आहेत. म्हणजे ज्या जमिनीशी आपल्या अंड्याचा रंग जुळतो, ती जमीन टिटवी कारखान्याच्या गावातही शोधून काढते.

आणि टिटवीला अंड्याच्या रंगावरच विसंबावे लागते. शत्रू दूर असतानाच ती उठते, आरडाओरडा करते, त्याला भलतीकडे नेऊ पाहते. त्या वेळी अंडी उघडी पडलेली असतात. रातव्याची रीत निराळी आहे. तो पाचोळ्याच्या रंगाचा पक्षी अंड्यांवर दडून बसतो आणि अगदी पायाखाली येईपर्यंत हलत नाही. आफ्रिकेतील झांबिया देशात अशा जमिनीवरच्या घरट्यांचे निरीक्षण करण्यात आले, आणि त्याचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. टिटवीच्या कुळातील जे पक्षी लवकर उठून जातात, त्यांची घरटी वाचणे हे अंडी भोवतालच्या जमिनीशी किती जुळतात यावर अवलंबून होते; रातव्यांच्या बाबतीत मात्र पक्ष्याची स्वतःची पिसे किती जुळतात याला महत्त्व होते. रंग अंड्याचा असो की आईचा, पांघरूण कोणाचे तरी हवेच.

मात्र या पांघरुणाची किंमत मोजावी लागते. गडद वस्तू उन्हात अधिक तापते. भिलाईच्या बाजूला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात डागाळलेली अंडी थोडा वेळ उघडी राहिली तरी आतला जीव शिजून जावयाचा. अंडे अगदी फिकट असावे, तर शत्रूला दिसावयाचे आणि प्रखर प्रकाशही आत शिरावयाचा. या दोन संकटांतून टिटवी मार्ग काढते तो कष्टाने. ती अंड्यांवर उभी राहून सावली धरते. जवळच्या पाण्यात पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. थंड प्रदेशांत हेच गणित उलटे होते. जगातील शेकडो जातींच्या अंड्यांची तुलना करून २०२० साली असे दाखविण्यात आले की थंड मुलखातील अंडी सामान्यतः अधिक गडद असतात. उन्हाची ऊब त्यांना लाभदायक ठरते. तेव्हा अंड्याचा रंग म्हणजे शत्रूची नजर आणि सूर्याचे ऊन या दोहोंशी केलेली तडजोड होय.

यापुढची गोष्ट अधिक नाट्यमय आहे, कारण तेथे फसविणारा पक्षीच असतो. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. संस्कृतात कोकिळेला परभृत, म्हणजे दुसऱ्याने पोसलेली, आणि कावळ्याला परभृत्, म्हणजे दुसऱ्याला पोसणारा, असे म्हटले आहे. एका हलन्त चिन्हाचा काय तो फरक! दोघांच्या अंड्यांतही असाच थोडका फरक आहे. कावळ्याचे अंडे फिकट निळसर-हिरवे, त्यावर तपकिरी शिंतोडे. कोकिळेचेही जवळपास तसेच, फक्त आकाराने लहान.

याहून विलक्षण जोडी सातभाई आणि पावशा यांची. अंगणात घोळक्याने कलकलाट करणारे सातभाई गडद निळी, डागविरहित अंडी घालतात. पावसाच्या तोंडी ज्याच्या हाकेत आपला शेतकरी ‘पेरते व्हा’ ऐकतो, तो पावशा सातभाईच्या घरट्यात आपले अंडे ठेवून जातो. आणि तेही निळेच. मोसमी वाऱ्यांबरोबर येणारा चातकही तेच करतो. ज्या दोन पक्ष्यांना आपण सोशीकपणाबद्दल आणि शुभवार्तेबद्दल गौरविले, ते आपल्या पिल्लांचे संगोपन दुसऱ्याच्या माथी मारतात. पण निसर्गाला नीतीच्या फुटपट्टीने मोजून चालत नाही.

फसविला जाणारा पक्षी कायम भोळाच राहतो असेही नाही. झांबियात वटवट्याच्या एका जातीत प्रत्येक मादीच्या अंड्यांचा रंग आणि नक्षी निराळी असते. ती जणू तिची सही. परके अंडे त्या सहीशी जुळले नाही की ती ते बाहेर टाकते. फसविणारा पक्षीही मग नाना तऱ्हेची अंडी घालू लागतो. सही करणारा आणि खोटी सही मारणारा यांची ही चढाओढ पिढ्यान् पिढ्या चालते, आणि तिच्यातून रंगांची विविधता वाढत जाते. आपल्याकडच्या राखी वटवट्याची अंडी तुकतुकीत, विटेसारखी तांबडी असतात. बागेतल्या झुडपात, शिवलेल्या पानांच्या आड, ती एखाद्या मौल्यवान खड्यासारखी दिसतात.

ठिपक्यांचे आणखी एक काम ध्यानात आले आहे. इंग्लंडमधील चिमणीएवढ्या एका रानपक्ष्याच्या अंड्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कवच जेथे पातळ, तेथेच तांबूस ठिपके अधिक गडद आढळले. आणि जमिनीत चुना कमी असेल तेथे ठिपकेही जास्त. चुन्याची उणीव रंगद्रव्याने भरून काढावी, फाटल्या जागी ठिगळ लावावे, तसा हा प्रकार असावा.

हे सारे कधी सुरू झाले? चीनमध्ये सापडलेल्या काही डायनोसॉरांच्या जीवाश्म अंड्यांत हीच दोन द्रव्ये २०१७ साली ओळखण्यात आली. म्हणजे टिटवीच्या अंड्यावरचा रंग पक्ष्यांहूनही जुना आहे. कोट्यवधी वर्षे ऊन, माती आणि शत्रूची नजर यांनी मिळून तो घडविला आहे.

श्रोतेहो, अंड्याला एकदा लाभलेला रंग बदलता येत नाही. जमीन मात्र आपण एका दिवसात बदलतो. खडीच्या मैदानावर फरसबंदी झाली, मुरमाड जागेवर सिमेंट पसरले, की कालपर्यंत खडा म्हणून खपणारे अंडे आज प्रत्येक कावळ्याला दिसू लागते. ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. अंडी वाहून नेणाऱ्या समुद्राला नमविणाऱ्या टिटवीची ती कथा. पण सिमेंटपुढे मात्र टिटवीचे काही चालत नाही.

म्हणून उन्हाळ्यात मैदानाचा एखादा कोपरा जसा आहे तसा राहू द्यावा. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली, तर अंडी शोधण्याच्या मोहात न पडता आल्या वाटेने मागे फिरावे. आपण तेथे जितका वेळ उभे राहू, तितका वेळ ती अंडी उन्हात तापत असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणे अथवा घरट्याला त्रास देणे हे शिकारीतच मोडते. मुलांना अंडी दाखवावयाचीच असतील तर दुरून दाखवावी. आणि ती दिसली नाहीत, तर त्यांना सांगावे की अंड्याच्या रंगाने आपले काम चोख बजावले आहे.